‘चांगभलं’मधला ‘चांग’

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे चालू असता एखाद्या गिऱ्हाइकाने ‘चांग रवा दाखवा’ असे म्हटले, तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आलेला आणि गुळाच्या रंगाचे व कणीचे वर्णन करताना ज्याला शब्दांची कधी वाण पडत नाही असा तेथील अडत्यादेखील क्षणभर थांबेल आणि ‘चांगला म्हणायचं आहे काय?’ असे विचारील. परंतु तोच अडत्या, त्याचा हमाल, त्याचा दिवाणजी आणि ज्याच्या शेतात तो ऊस पिकला तो शेतकरी, असे सारे चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर सासनकाठीच्या मागून चालू लागले, गुलालाने माखलेले हात वर गेले आणि जोतिबाच्या नावाने ‘चांगभलं’ अशी आरोळी उठली, म्हणजे सौद्याच्या वेळी ज्याचा अर्थ विचारावा लागला ते विशेषण प्रत्येकाच्या मुखातून निःशंकपणे बाहेर पडते. व्यवहारातून उठून गेलेला आणि तरीही वर्षास लक्षावधी मुखांतून उच्चारला जाणारा असा हा शब्द आहे. मराठीच्या जुन्या विशेषणांत इतका भाग्यवान दुसरा शब्द मला ठाऊक नाही, आणि म्हणूनच त्याची हकीकत थोड्या विस्ताराने सांगावी असे वाटते.

‘चांग’ म्हणजे चांगला, उत्तम, सुंदर. यादवकालीन मराठीत हे विशेषण स्वतंत्रपणे, कोणत्याही प्रत्ययाचा अथवा सोबत्याचा आधार न घेता वावरत असे. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीत ते आहे, म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात ते आहे, आणि ज्या सहजतेने ते तेथे येते त्यावरून ते केवळ पंडितांच्या लेखणीतले नसून रोजच्या बोलण्यातले होते यांत संशय राहत नाही. त्या काळच्या मराठीजवळ ‘बरे’ या एका कल्पनेसाठी शब्दांचा मोठा खजिना होता. निका होता, बरवा होता, गोमटा होता, भला होता, आणि त्यांच्या पंक्तीस चांग होता. आज आपण जेवणापासून चारित्र्यापर्यंत सर्व ठिकाणी एकटा ‘चांगला’ राबवितो. त्या एका शब्दावर केवढा भार पडला आहे, याची कल्पना हा जुना खजिना पाहिल्यावाचून येत नाही.

या शब्दाच्या कुळाची चौकशी करू लागलो, म्हणजे प्रथम गुजरातेत, आचार्य हेमचंद्रांच्या दारी जावे लागते. इसवी सनाच्या बाराव्या शतकातील या महापंडिताने ‘देशीनाममाला’ नावाचा कोश रचला. संस्कृतापासून ज्यांची व्युत्पत्ती सरळ लावता येत नाही, किंवा लावली तरी अर्थ जुळत नाही, असे लोकांच्या तोंडचे शब्द त्यात एकत्र केले आहेत. त्या संग्रहात ‘चंग’ हा शब्द असून त्याचा अर्थ ‘चारु’, म्हणजे सुंदर, असा दिला आहे. संस्कृत कोशांतही पुढे ‘चङ्ग’ आढळतो; पण तो तेथे पाहुण्यासारखा आहे, त्याचे घर लोकभाषेतच होते. आणि या नोंदीस एक अशी जोड आहे, की जी वाचून मला मनापासून आनंद झाला. धंधुका गावी जन्मलेल्या या हेमचंद्रांचे, दीक्षा घेण्यापूर्वीचे, आईबापांनी ठेवलेले नाव चांगदेव असे होते. स्वतःच्या बाळपणीच्या नावातला शब्द या कोशकाराने म्हातारपणी देशी शब्दांच्या यादीत लिहून ठेवला.

शब्द देशी आहे याची साक्ष कोशावाचूनही मिळते. ती आपल्या जिभेवरच आहे. मराठीत ‘च’चे उच्चार दोन. ‘चक्र’ म्हणताना जीभ टाळूस लागते आणि ‘चाक’ म्हणताना ती दातांच्या मुळाशी येते. हाच भेद ‘चंद्र’ व ‘चांदणे’ यांत, ‘चर्म’ व ‘चामडे’ यांत आहे. जो शब्द संस्कृतातून जसाच्या तसा उचलला त्याचा ‘च’ तालव्य राहिला, आणि जो प्राकृताच्या वाटेने, लोकांच्या तोंडी घासत आला, त्याचा ‘च’ अ-आ या स्वरांपूर्वी बहुधा दन्त्य झाला. आता हेमचंद्रांनी एकमेकांशेजारी ठेवलेले ‘चारु’ आणि ‘चांग’ हे दोन शब्द मोठ्याने उच्चारून पाहावेत. पहिला पोथीतून आलेला आहे आणि दुसरा रानातून, हे कानालाच कळते. डोंगरावरच्या आरोळीतला ‘च’ हा असा दन्त्य आहे, आणि तो तसाच असला पाहिजे.

मग हा शब्द व्यवहारातून गेला कसा? त्याचे उत्तर असे, की तो गेला नाही. त्याच्याच लेकराने त्याची जागा घेतली. प्राकृतात आणि विशेषतः महाराष्ट्रीय बोलीत विशेषणास ‘ल’ हा प्रत्यय, अर्थात काहीही फरक न करता, केवळ आवडीने जोडण्याची रीत होती. अंध होता त्याचा आंधळा झाला, पंगूचा पांगळा झाला, पीत होता तो पिवळा झाला, एकाचा एकला झाला. कोठे ‘ल’ राहिला, कोठे त्याचा ‘ळ’ झाला. त्याच रीतीने चांगचा चांगला झाला. आरंभी दोन्ही रूपे शेजारी नांदत असली पाहिजेत. परंतु ‘चांगला, चांगली, चांगले’ असे लिंगवचनाप्रमाणे ठसठशीत चालणारे रूप हाताशी आल्यावर आखूड ‘चांग’ मागे पडत गेला. बापाचे नाव लोपून मुलाच्या नावाने घर ओळखले जावे, तसे हे झाले.

मराठी माणसाची ही ‘ल’काराची आवड किती जुनी आहे, याचा एक सुंदर पुरावा ज्या ग्रंथात आहे, त्या ग्रंथाचे आणि आमच्या कोल्हापूरचे नाते निकटचे आहे. उद्योतनसूरी या जैन आचार्याने शके ७०० मध्ये, म्हणजे इसवी सन ७७९ मध्ये, ‘कुवलयमाला’ नावाची प्राकृत कथा पुरी केली. तीत एका बाजारपेठेचे वर्णन असून निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या भाषेत बोलत असलेले दाखविले आहेत. प्रत्येकाच्या भाषेचा कानास जाणवणारा विशेष ग्रंथकाराने एकदोन शब्दांत टिपला आहे. आणि मरहट्ट्यांच्या तोंडी जे दोन शब्द त्याने घातले आहेत, त्या दोहोंतही हा ‘ल’ आहे. बाराशे वर्षांपूर्वी परप्रांतीयाने आपल्याला ओळखले ते या अक्षरावरून. या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करणारे डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये हे मूळचे चिकोडीकडील सदलग्याचे. १९३० पासून तीस वर्षांहून अधिक काळ ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधीचे अध्यापक होते, आणि १९७५ साली याच नगरात त्यांचे देहावसान झाले. प्राकृत वाङ्मयाच्या अभ्यासकांत ज्यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते, असा हा पंडित पंचगंगेच्या काठी बसून काम करीत होता, ही गोष्ट करवीरकरांच्या जितकी लक्षात असावयास हवी तितकी ती नाही, असे खेदाने म्हणावे लागते. त्यांच्याकडे मला पुन्हा वळावयाचे आहे.

विशेषण व्यवहारातून मागे सरले तरी माणसांच्या नावांत ते टिकून राहते. चांगदेव हे नाव एकेकाळी महाराष्ट्रात किती लोकप्रिय होते! ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठविणारे आणि पासष्ट ओव्यांचे उत्तर मिळविणारे योगी चांगदेव सर्वांना ठाऊक आहेत. महानुभावांच्या पंचकृष्णांपैकी एक, फलटणास जन्मून द्वारकेस गेलेले चक्रपाणी, त्यांचेही नाव चांगदेव राऊळ. तिसरे चांगदेव त्या मानाने कमी परिचित आहेत. ते थोर गणिती भास्कराचार्यांचे नातू आणि यादव राजा सिंघण याच्या दरबारचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी खानदेशात चाळीसगावाजवळ पाटणे येथे मठ स्थापिला आणि त्याला शके ११२८ मध्ये दान मिळाले. त्या दानाचा शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनी उजेडात आणला. लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारात येणाऱ्या मालावर मठासाठी कोणी किती द्यावे, हा जो कराचा व वसुलीचा मजकूर, तो मात्र मराठीत आहे, कारण तो तेली, वाणी व शेतकरी यांना समजणे जरूर होते. ज्ञानेश्वरीपूर्वी ऐंशीहून अधिक वर्षे कोरलेल्या त्या दगडावर चांगदेवाचे नाव आणि बाजारची मराठी अशी एकत्र नांदत आहेत. श्रियाळ राजाची राणी आणि चिलयाची आई चांगुणा, जिची कथा श्रीधराच्या शिवलीलामृतामुळे घरोघरी पोचली, तिच्या नावातही आपल्या मराठी कानाला हाच ‘चांग’ ऐकू येतो.

आता आरोळीकडे वळू. ‘चांगभलं’ हा एक शब्द नव्हे. एकाच अर्थाचे दोन शब्द हातात हात घालून उभे आहेत. चांग देशी आहे. भला हा संस्कृत ‘भद्र’चा प्राकृत ‘भल्ल’ होऊन आलेला आहे. दोघांचाही अर्थ ‘चांगले’ हाच. समानार्थी शब्दांची अशी जोडी जुळविण्याची मराठीला मोठी हौस आहे. कागद फारशीच्या वाटेने आला आणि पत्र संस्कृतातून, त्यांचे कागदपत्र झाले. धनाशेजारी अरबी दौलत येऊन बसली. बाजाराला हाट मिळाला. ज्याला एक शब्द कळला नाही त्याला दुसरा कळावा, ही या जोड्यांमागची मूळची सोय असावी. परंतु तिचा एक परिणाम असा होतो, की जोडीतला एक शब्द इतरत्र नाहीसा झाला तरी सोबत्याच्या आधाराने तो तेथे उभा राहतो. कपडालत्त्यातला लत्ता आज स्वतंत्रपणे कोण विकत घेतो? तरी कपड्याच्या कडेला तो जिवंत आहे. इंग्रजीतही हाच न्याय दिसतो. ‘हेल’ हे निरोगी या अर्थाचे त्यांचे जुने विशेषण आज ‘हेल अँड हार्टी’ या जोडीबाहेर क्वचितच भेटते.

आणि या ठिकाणी आमच्या शब्दाचे एक उत्तरेकडील भावंड भेटते. प्रकृतीने ठणठणीत असलेल्या माणसास हिंदीत ‘भला-चंगा’ म्हणतात. तेच दोन शब्द, केवळ क्रम उलटा! पंजाबात तर ‘चंगा’ आजही एकटा, सोबत्यावाचून, सर्रास चालतो. जो शब्द आपल्याकडे फक्त देवाच्या डोंगरावर उरला तो तेथे चहाच्या दुकानात ऐकू येतो. कोल्हापूर जिल्ह्यातून लष्करात भरती होऊन पंजाबात राहिलेल्या जवानांना हा शब्द कानी पडताच परका वाटत नाही. त्यांनी तो लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून गुलालात ऐकलेला असतो.

वाडी रत्नागिरी हे स्थान पन्हाळा तालुक्यात, कोल्हापूरच्या वायव्येस चार-पाच कोसांवर. जोतिबाचे आजचे मुख्य देऊळ १७३० साली राणोजी शिंदे यांनी बांधविले, आणि ग्वाल्हेरीस गेल्यावरही शिंदे घराण्याने या कुलदैवताची सेवा सोडली नाही. चैत्रातल्या यात्रेस गावोगावच्या सासनकाठ्या येतात. प्रत्येक काठीचा मान ठरलेला, क्रम ठरलेला. गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, दवणा वाहिला जातो, पालखी यमाईच्या भेटीस निघते. या सर्व सोहळ्यात आरोळी मात्र एकच. तिच्या वाक्यरचनेकडे लक्ष द्यावे. ‘जोतिबाच्या नावानं’ हे पहिले पद आणि ‘चांगभलं’ हे दुसरे. क्रियापद कोठेच नाही. भक्त देवाजवळ काही मागत नाही, देवाचे वर्णनही करीत नाही. त्या नावाने सर्वांचे चांग होवो, भले होवो, असा तो आशीर्वाद आहे आणि तो उच्चारणाराच तो ऐकणाऱ्यांना देत असतो. विशेषणाचे येथे नाम झाले आहे आणि नामाचे मंगलवचन. म्हणूनच या आरोळीची जागा केवळ देवळापुरती राहिली नाही. मळणीस हात घालताना, विहिरीचा पहिला घाव घालताना, जड ओझे चार जणांनी मिळून उचलताना ती आमच्याकडे सहज तोंडातून निघते.

जोतिबापुरतीच ती आहे असेही नाही. पट्टणकोडोलीस विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याच्या पिवळ्या पावसात धनगर बांधव हीच आरोळी देतात. रायबाग तालुक्यातील चिंचलीस मायाक्काच्या यात्रेला मराठी व कानडी दोन्ही भाषांचे लोक जमतात, आणि घरी केवळ कानडी बोलणाऱ्याच्या तोंडीही तेथे ‘चांगभलो’ येते. राज्यांच्या सरहद्दी आखणाऱ्यांनी ज्या भाषा वेगळ्या केल्या, त्यांच्यामध्ये हे जुने प्राकृत विशेषण अजून मोकळेपणाने ये-जा करीत आहे.

आरंभीच्या यादीतील ‘गोमटा’ या शब्दाची कथा याहून वेगळी आणि तितकीच मनोहर आहे. सुंदर, उत्तम, हितकर असे त्याचे अर्थ. आज तो ‘गोरागोमटा’ या जोडीत, गोऱ्याच्या मागे मागे चालतो, आणि त्यामुळे त्याचा अर्थच गोरा असा पुष्कळांना वाटू लागला आहे; हा त्या शब्दावर मोठा अन्याय आहे. कोंकणीत गोड गळ्याला आजही ‘गोमटा’ म्हणतात, त्यात रंगाचा संबंध नाही. शिवकालीन पत्रव्यवहारात तर हा शब्द हित, कल्याण या अर्थाने राजकारणाच्या मजकुरात येतो. इसवी सन १६७७ मध्ये, कुतुबशाहीशी सलूख करून दक्षिणेची मोहीम चालू असता, शिवाजी महाराजांनी मुधोळच्या मालोजी घोरपडे यांस जे पत्र लिहिले, त्यात त्यांचे ‘गोमटे’ व्हावे म्हणून स्पष्ट लिहीत आहोत, असा आशय आहे. ज्याच्या बापाने शहाजीराजांना कैद करण्यात पुढाकार घेतला आणि जो बाप पुढे महाराजांच्याच हातून पडला, त्याच्या मुलास मागील दावा विसरून स्वराज्याच्या कार्यात बोलाविणारे हे पत्र आहे; त्यात बादशाही दरबारी शब्दांची वाण नसता, नेमक्या जिव्हाळ्याच्या ठिकाणी हा घरगुती मराठी शब्द आला आहे. चिटणिशी मायन्यातला तो केवळ अलंकार आहे, असे मला कधीही वाटले नाही.

याच शब्दाच्या निमित्ताने डॉ. उपाध्ये यांच्याकडे परत यावयाचे. श्रवणबेळगोळ येथील बाहुबलीची सत्तावन्न फुटांची मूर्ती गंगराजाचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस उभारविली, आणि तिला गोम्मटेश्वर असे नाव पडले. हे ‘गोम्मट’ म्हणजे काय, याविषयी विद्वानांत वाद होता. मंजेश्वरचे कवी व संशोधक गोविंद पै यांनी त्याचा संबंध मन्मथाशी जोडला, कारण बाहुबली हा जैन परंपरेत कामदेव मानला जातो. उपाध्ये यांना ही व्युत्पत्ती पटली नाही. त्यांनी १९४० च्या सुमारास लिहिलेल्या निबंधात असे दाखविले, की चामुंडरायाचे गुरू नेमिचंद्र यांनी त्याच्यासाठी रचलेल्या ‘गोम्मटसारा’त चामुंडरायालाच गोम्मट म्हटले आहे, तेव्हा ते त्याचे घरगुती, लाडके नाव असावे आणि गोम्मटाने स्थापिलेला ईश्वर तो गोम्मटेश्वर. त्या नावाचा अर्थ त्यांना सापडला तो मराठी व कोंकणीतल्या ‘गोमट्या’त. मूर्तीच्या पायाशी कन्नड व तमिळ लेखांच्या जोडीने, ती चामुंडरायाने करविली असे सांगणारा जुन्या मराठीतला लेखही कोरलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या मताचे बळ वाढते. मला स्वतःला उपाध्ये यांचेच मत ग्राह्य वाटते. मराठी आईच्या तोंडचे ‘गोमटे’ हे कौतुक कर्नाटकातल्या त्या विशाल पाषाणास चिकटून हजार वर्षे टिकले. आणि पुढे कारकळ व वेणूर येथे दुसऱ्यांनी उभारलेल्या बाहुबलीच्या मूर्तींनाही तेच नाव मिळाले. आमच्या जिल्ह्यात कुंभोजच्या डोंगराशी बाहुबलीची अठ्ठावीस फुटांची संगमरवरी मूर्ती आहे. तिच्या दर्शनास जाणाऱ्याने हा शब्द मनात ठेवून वर पाहावे.

असे मागे पडलेले शब्द साहित्यात पुन्हा आणावेत काय, हा प्रश्न जुना आहे. इंग्रज कवी एडमंड स्पेन्सर याने १५७९ साली ‘शेफर्ड्‌स कॅलेंडर’ प्रसिद्ध केले तेव्हा त्यात त्याच्या काळीच दुर्बोध झालेले शब्द मुद्दाम योजिले होते, आणि वाचकांसाठी त्यांवर टीपाही छापाव्या लागल्या. पुढे बेन जॉन्सनने, स्पेन्सरने लिहिली ती कोणतीच भाषा नव्हे, असा कठोर अभिप्राय दिला. आपल्याकडे राजाराम कॉलेजात फारशी शिकविणारे, १९२५ साली फारशी-मराठी कोश सिद्ध करणारे कवी माधव ज्यूलियन हे उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे कैवारी झाले आणि आपल्याच कवितेतले परके शब्द त्यांनी काढून टाकले. त्यांच्या निष्ठेविषयी मला नितान्त आदर आहे. परंतु शब्दांना हुकूमनाम्याने हद्दपार करता येत नाही, आणि त्याच कारणाने त्यांना हुकूमनाम्याने परत बोलाविताही येत नाही. ‘चांग’ परत आणावा असा माझा आग्रह नाही. जेथे तो आहे तेथे तो ऐकू यावा, एवढेच मागणे आहे.

डॉ. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश १९९९ साली प्रसिद्ध झाल्यापासून ग्रंथांतल्या अशा शब्दांची सोय झाली आहे. तोंडचे शब्द मात्र कोशात आपोआप येत नाहीत. म्हणून कागल, राधानगरी, शाहूवाडी, पन्हाळा, गडहिंग्लज या तालुक्यांतील शिक्षकांना माझी विनंती आहे, की त्यांनी आपल्या वर्गातील मुलांकरवी त्यांच्या आज्या-आजोबांच्या बोलण्यात येणारी, शाळेच्या पुस्तकात न आढळणारी विशेषणे एका वहीत उतरवून घ्यावीत; शब्दापुढे गाव लिहावे, तो कोणत्या कामाच्या वेळी आणि कोणत्या शब्दाच्या जोडीने येतो ते लिहावे, आणि ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचा उच्चार दन्त्य की तालव्य याची खूण करावी. आरंभ येत्या चैत्र पौर्णिमेस करता येईल.